मेगाहर्ट्झपासून वॅटपर्यंत

विदर्भातल्या पांढरकवड्यात गेमिंगचा पीसी बांधायला निघालेला पोरगा आज प्रोसेसर निवडताना 'एफपीएस (सेकंदाला फ्रेम) किती?' हे आधी विचारतो. पूर्वी प्रोसेसरचा वेग, म्हणजे मेगाहर्ट्झ, विचारत. १९९३ साली इंटेलचा पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. त्याच्या शिल्पकारांत पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते. पुढे ते नेक्सजेन कंपनीमार्गे प्रतिस्पर्धी एएमडीत गेले आणि पेंटियमला टक्कर देणाऱ्या के-६ वर त्यांनी काम केलं. दोन्ही गोटांत एकच माणूस, हे मला फार विलक्षण वाटतं.

मेगाहर्ट्झच्या भरवशाला तडा दिला १९९६ च्या 'क्वेक' या गेमनं. दूर जाणाऱ्या भिंतीवरचं चित्र वेडंवाकडं दिसू नये म्हणून त्यात दर सोळा पिक्सेलमागे एक भागाकार करावा लागे. पेंटियममध्ये तो भागाकार एका बाजूला चालू असतानाच दुसऱ्या बाजूला पिक्सेल रंगवून होत. सायरिक्स कंपनीची 'पी१६६+' चिप चालायची १३३ मेगाहर्ट्झवर, पण ऑफिसच्या कामात पेंटियम १६६ च्या तोडीची. अशा गणितावर चालणाऱ्या 'क्वेक'मध्ये मात्र ती मागे पडली. गेम लावून प्रोसेसर पारखायची रीत इथून रुजली, असं मी मानतो.

तरी आकड्यांची शर्यत थांबली नाही. मार्च २००० मध्ये एएमडीनं एक गिगाहर्ट्झ (हजार मेगाहर्ट्झ) गाठला, दोनच दिवसांनी इंटेलनं. मोजमापाची रीत मात्र बदलत गेली. २०११ मध्ये हार्डवेअर-समीक्षक स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजून दाखवला : सरासरी ६० एफपीएस असली तरी मधल्या काही फ्रेम रखडल्या की खेळ अडखळतो. आज पाहतात तो '१ टक्का लो', म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग, याच विचारातला.

मग २०२२ मध्ये एएमडीचा रायझेन ५८००एक्स३डी आला. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५८००एक्सपेक्षा कमीच. पण चिपवरची जवळची स्मृती, म्हणजे एल३ कॅश, ३२ ऐवजी ९६ एमबी. लागणारा डेटा चिपवरच सापडल्यानं रॅमकडे खेपा कमी झाल्या आणि बऱ्याच गेममध्ये तो पूर्ण भारावर २४१ वॅट खाणाऱ्या इंटेलच्या कोअर आय९-१२९००केच्या बरोबरीला आला. ५८००एक्स३डीचा टीडीपी, म्हणजे कूलर निवडायला कंपनीनं दिलेला उष्णतेचा आकडा, १०५ वॅट.

आपल्याकडे हा वॅटचा आकडा सर्वांत मोलाचा, कारण खाल्लेले वॅट उष्णता होऊनच बाहेर पडतात. चिपवरचा पंखा तिला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. एसीतल्या चाचणीपेक्षा खोली वीस अंशांनी तापलेली असेल, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते आणि मर्यादा गाठली की स्वतःच वेग उतरवते. विदर्भातल्या मे महिन्यात हे सहज होऊ शकतं. म्हणून सरासरी एफपीएसवर भुलू नका. '१ टक्का लो' आणि गेम खेळताना लागणारे वॅट, हे दोन्ही आकडे पाहूनच पैसे मोजा.