ब्रुसेलोसिस: कालवडीला लस एकदाच का, आणि चौथ्या ते आठव्या महिन्यातच का?

गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडली, वार अडकली आणि पुढे ती वारंवार उलटत राहिली, तर पहिला संशय ब्रुसेलोसिसचा घ्यावा. या रोगाला सांसर्गिक गर्भपात असेही म्हणतात. वासरू जाते, वेत वाया जाते, दूध घटते. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. हाच जंतू गोठ्यात काम करणाऱ्या माणसालाही लागतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लावतो.

या रोगाची लस उपलब्ध आहे. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी आणि वगारींना मोफत दिली जाते. गावात लसीकरणाला गेल्यावर पशुपालक हमखास काही प्रश्न विचारतात. लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी, मग ही आयुष्यात एकदाच का? गोऱ्ह्याला का नाही? गाभण गाईला देऊन टाकली तर काय बिघडते? ‘वरून तसा आदेश आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. खरे उत्तर या जंतूच्या वागण्यात आणि जनावराची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी कशी झुंजते यात आहे.

जंतू लपतो कुठे?

शरीरात जंतू शिरला की काही पेशी त्याला गिळतात आणि आतल्या पाचक रसांनी मारतात. यांना भक्षक पेशी म्हणतात. ब्रुसेला याच पेशीला आपले घर बनवतो. गिळला गेल्यावर तो ज्या पिशवीत अडकतो, तिच्यापर्यंत पाचक रस पोहोचू देत नाही आणि तिथेच वाढतो. पुढे त्याच पेशींबरोबर तो लसीका ग्रंथी, प्लीहा, कास आणि गर्भाशयात पोहोचतो. थोडक्यात, चोर पोलीस चौकीतच राहायला जातो.

गाभण जनावरात त्याला आणखी एक सोय मिळते. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो. ब्रुसेला त्यावर फोफावतो, वारेला सूज येते, गर्भाचे पोषण तुटते आणि गाय गाभडते. म्हणूनच गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि स्रावात जंतूंची संख्या प्रचंड असते.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. तिचे दोन हात आहेत, असे समजा. एक हात प्रतिपिंडांचा: रक्तात आणि दुधात फिरणारी ही प्रथिने जंतू पेशीबाहेर असेल तर त्याला चिकटतात. दुसरा हात टी-पेशींचा: या पेशी संसर्ग झालेल्या भक्षक पेशीला ‘आतला जंतू मार’ असा रासायनिक इशारा देतात. त्या इशाऱ्यातला मुख्य पदार्थ म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. पेशीत लपलेल्या जंतूपर्यंत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. ब्रुसेलाविरुद्ध खरा भरवसा दुसऱ्या हातावर आहे.

हे उघड झाले ते १९६० च्या दशकात. ऑस्ट्रेलियात जॉर्ज मॅकॅनेस यांनी लिस्टेरिया या पेशीत राहणाऱ्या जंतूवर उंदरांत प्रयोग केले. संसर्गातून बरे झालेल्या उंदराचे रक्तद्रव निरोगी उंदराला दिले तर संरक्षण मिळाले नाही; त्याच्या लसीका पेशी दिल्या तेव्हा मिळाले. ब्रुसेला आणि क्षयाच्या जंतूंविषयीचा विचार त्यानंतर याच दिशेने गेला.

म्हणून लस जिवंत

मारलेल्या जंतूंची लस प्रतिपिंडे तयार करते, पण टी-पेशींना पुरेसे जागे करत नाही. ब्रुसेलाविरुद्ध अशा लसींचे संरक्षण अपुरे ठरले. इथे जिवंत पण सौम्य जंतू लागतो. तो काही काळ पेशीत राहतो, टी-पेशींना ओळख करून देतो आणि मग शरीरातून नाहीसा होतो. ही ओळख टी-पेशी वर्षानुवर्षे टिकवतात. लाळ्या-खुरकूताची लस मृत विषाणूंची असते, तिचा भर प्रतिपिंडांवर असतो आणि प्रतिपिंडे ओसरतात. एक लस सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते आणि दुसरी एकदाच, त्याचे कारण हे आहे.

आपल्याकडे वापरली जाणारी लस एस-१९ या जंतूप्रकाराची. तिची कथा मजेदार आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा केला. तो प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ साध्या तापमानाला तसाच पडून राहिला आणि त्या काळात त्याची रोग करण्याची ताकद घटली. शंभर वर्षे होऊन गेली तरी जगभर तीच लस आधार आहे. तिचे संरक्षण साधारण ६५ ते ७५ टक्के धरले जाते. म्हणजे लस टोचली म्हणून बाकीची काळजी सोडता येत नाही. पण कळपातल्या बहुतेक माद्यांना लस मिळाली तर गर्भपात कमी होतात आणि गोठ्यात सांडणारे जंतूही कमी होतात.

वयाचे बंधन का? चार महिन्यांच्या आत वासराच्या रक्तात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे असू शकतात, आणि लसीचा जंतू काम करण्याआधीच ती त्याला अडवतात. आठ महिन्यांनंतर कालवड वयात येऊ लागते. त्या वयात लस दिली तर लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात फार काळ रेंगाळतात आणि पुढे चाचणीत निरोगी कालवड रोगी ठरते. योग्य वयात दिलेल्या लसीची प्रतिपिंडे वर्ष-दीड वर्षात बहुतेक कालवडींत ओसरतात.

गाभण गाईला ही लस देऊ नये, कारण तिने गर्भपात होऊ शकतो. मूळ जंतूप्रमाणे एस-१९ एरिथ्रिटॉलवर फोफावत नाही, उलट त्याची वाढ खुंटते, हे खरे. तरीही धोका पूर्ण जात नाही. नर वासराला ती दिल्यास वृषणाला सूज येऊन कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून तीही नाही.

वरवर धडधाकट, आतून रोगी

बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती पूर्ण दिवस भरून विते आणि मालकाला वाटते, गाय बरी झाली. प्रतिकारशक्ती जंतूला दाबून धरते, पण हाकलत नाही. गाय आयुष्यभर वाहक राहते; दुधातून आणि प्रत्येक विण्याच्या वेळी स्रावातून जंतू टाकते. माझ्या मते या रोगाचा खरा धोका गाभडणाऱ्या गाईपेक्षा या ‘बऱ्या झालेल्या’ गाईत आहे, कारण तिच्यावर कोणाचे लक्ष नसते आणि बाजारात तिला गिऱ्हाईकही मिळते.

हा धडा जुना आहे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून हा जंतू शोधला, पण तो सैनिकांपर्यंत येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी माल्टातल्या शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या टुणटुणीत होत्या, दूध देत होत्या. पण त्यांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि दुधात जंतू. सैन्यात शेळीचे दूध बंद केल्यावर ताप झपाट्याने ओसरला. गाईंना गाभडवणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू जवळचे नातलग आहेत, हे अमेरिकेच्या ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवले. पुढे त्यांना स्वतःलाच या रोगाने गाठले.

आजची रोझ बेंगाल चाचणी झामित यांच्याच तत्त्वावर चालते. गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंचा एक थेंब आणि रक्तद्रवाचा एक थेंब काचपट्टीवर मिसळतात. प्रतिपिंडे असली तर चार मिनिटांत गुठळ्या दिसतात. गाईंच्या कळपाची ढोबळ तपासणी दुधावरही होते: रंगीत जंतू मिसळलेल्या दुधात साईच्या थरावर निळे वलय आले, तर त्या कळपात संशय.

या चाचण्यांच्या मर्यादा ध्यानात ठेवा. गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात प्रतिपिंडे दिसतीलच असे नाही, म्हणून पहिला अहवाल नकारार्थी आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या काही कालवडी पहिल्यांदा गाभण राहीपर्यंत चाचणीत सापडतच नाहीत. उलट, येर्सिनिया नावाच्या एका वेगळ्या जंतूच्या आवरणावरची साखर ब्रुसेलासारखीच असते, त्यामुळे कधी निरोगी जनावरही सकारार्थी येते. एका चाचणीवर गाईचे भवितव्य ठरवू नये. पुण्यात औंध येथील पशुरोग अन्वेषण विभागात पुढील तपासणी होते. नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावा.

गाभडली तर पहिल्या दिवशी काय करावे

गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला, तोंडावर रुमाल बांधा. घरातल्या गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या जागी फिरकू नये. पशुवैद्यकाने नमुना घेतल्यावर उरलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलेली वार कुत्री ओढत नेतात आणि रोग शेजारच्या गोठ्यात जातो. जागा आधी खरवडून स्वच्छ करा, मग जंतुनाशकाने धुवा. शेणाच्या थरावर ओतलेले फिनाईल फारसे काम करत नाही.

गाईला स्राव पूर्ण थांबेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, वेगळी बांधा. तिची वैरण-पाण्याची भांडी वेगळी, धार सर्वांत शेवटी. गावच्या वळूकडे नेऊ नका. तपासलेल्या वळूच्या वीर्याने कृत्रिम रेतन करा. जनावरांत या रोगावर खात्रीचा उपचार नाही. जंतू पेशीत असल्याने प्रतिजैविक त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि इतक्या लांब उपचाराचा खर्चही परवडत नाही. इंजेक्शनांवर पैसे घालवण्याआधी निदान करून घ्या.

मग सकारार्थी गाईचे करायचे काय? अनेक देशांत अशा जनावरांची कत्तल करून, मालकाला भरपाई देऊन रोग हटवला गेला. आपल्याकडे तो मार्ग खुला नाही. प्रत्यक्षात अशी गाय गुपचूप बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या गोठ्यात गाभडते. हे थांबले पाहिजे, एवढे स्पष्ट म्हणायला हवे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात हा रोग सूचित आहे आणि त्याची माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. गाय ठेवायची असेल तर ती वेगळी ठेवा, दूध उकळूनच वापरा, आणि प्रत्येक विण्याच्या वेळी वरची सर्व काळजी घ्या. विकत घेताना गाभण गाईपेक्षा कानात बिल्ला असलेली, लसीची नोंद असलेली कालवड बरी.

माणसांतला रोग

माणसाला हा रोग वार-स्राव हाताळण्यातून आणि कच्च्या दुधातून लागतो. चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरणे, पुरुषांत अंडकोषाला सूज, अशी लक्षणे. टायफॉईड किंवा हिवताप समजून उपचार होतात, ताप उतरतो आणि पुन्हा येतो. डॉक्टरांना ‘घरी जनावरे आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली’ हे आपणहून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. उपचार आहे, पण दोन औषधे मिळून साधारण सहा आठवडे चालतो. आठवड्यात बरे वाटले म्हणून औषध सोडणाऱ्याला रोग पुन्हा गाठतो. पेशीत लपलेले जंतू तोवर संपलेले नसतात.

धारोष्ण दुधाचे आपल्याकडे कौतुक आहे. कोल्हापुरात गंगावेशीला समोर धार काढलेले म्हशीचे दूध पेल्यातून प्यायला लोक जमतात. तपासलेल्या, लस टोचलेल्या कळपाचे दूध असेल तर धोका कमी. पण शून्य नाही, आणि प्यायच्या वेळी ते कोणालाच कळत नाही. उकळलेल्या दुधात हा जंतू जगत नाही. आपल्याकडे दही-ताक तापवलेल्या दुधाचे लावतात, ते चांगलेच.

शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला माणसासाठी गाईच्या जंतूपेक्षा जास्त तीव्र असतो, आणि सध्याच्या कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांना ही लस नाही. मेंढपाळांनी वाड्यात वेत करताना हातमोजे वापरणे म्हणूनच जास्त गरजेचे.

पुढची लस आणि टोचणाऱ्यांसाठी

एस-१९ ची अडचण म्हणजे लसीची आणि रोगाची प्रतिपिंडे चाचणीत सारखीच दिसतात. अमेरिकेत १९९६ पासून आरबी-५१ ही लस वापरात आली. तिच्या जंतूवर ती ओळखीची साखळी नसते, त्यामुळे लसवंत गाय रोझ बेंगाल चाचणीत सकारार्थी येत नाही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने एस-१९ मधले ‘पर’ हे जनुक बदलून, रोगी आणि लसवंत जनावर वेगळे ओळखता येईल अशी लस तयार केली आहे.

लस टोचणाऱ्या पशुवैद्यकांनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी एक ध्यानात ठेवावे: या लसी जिवंत आहेत आणि माणसाला रोग करू शकतात. हातमोजे आणि चष्मा लावा, सुईला टोपण पुन्हा बसवू नका, वासराचे डोके धरणाऱ्याला सावध करा. सुई स्वतःला टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लसीची बाटली बरोबर न्या, कारण आरबी-५१ चा जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाही आणि नेहमीच्या रक्तचाचणीत सापडतही नाही. एस-१९ बाबत तसे नाही.