युरोपातील जलसफर : तिकिटापलीकडचा हिशेब

पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूरसारख्या छोट्या शहरांतूनही आता युरोपच्या जलसफरीची चौकशी करता येते. मात्र जाहिरातीतील सर्वांत कमी भाडे म्हणजे सर्वांत स्वस्त सहल नव्हे.

भूमध्य समुद्रातील माफक दराच्या सफरींसाठी इटलीची 'कोस्टा' आणि जिनिव्हास्थित 'एमएससी' या कंपन्या परिचित आहेत. त्यांच्या अनेक फेऱ्यांत बार्सिलोना, मार्सेय, जिनोव्हा अशा निरनिराळ्या बंदरांतून जहाजावर चढता येते. त्यामुळे मुंबईहून विमानभाडे जेथे कमी, ते बंदर निवडावे.

जाहीर केलेले भाडे बहुधा खोलीत दोघे राहणार असे धरून माणशी दिलेले असते. एकट्या प्रवाशाला ते बरेच जास्त पडते. नेहमीचे भोजन त्यात येते. मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे सहसा वेगळे. सेवाशुल्काचीही आधीच चौकशी करावी. रोमसाठीचे चिविताव्हेक्या बंदर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तेथून रेल्वेने जाणे स्वस्त. पण स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशाला उशीर झाल्यास जहाज थांबत नाही.

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झाले. मार्गात तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया असल्यास एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा. अन्यथा सारा खर्च वाया जाऊ शकतो.

जुलै-ऑगस्ट हा महागडा हंगाम. आपल्याकडील शाळांची सुटी एप्रिल-मेमध्ये येते, हे मराठी कुटुंबांच्या पथ्यावर पडणारे आहे.