यमक आणि मराठी कविता
'यम' म्हणजे जुळे, त्यावरून यमक. ओळींच्या शेवटी येणाऱ्या सारख्या उच्चारांना मराठी वाचक आज यमक म्हणतो; संस्कृत साहित्यशास्त्रातले यमक मात्र वेगळे होते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तोच अक्षरसमूह त्याच क्रमाने पुन्हा आला की यमक साधते. पुढच्या शास्त्रकारांनी त्याला अट घातली, की दोन्ही ठिकाणी अर्थ असेल तर तो भिन्न असला पाहिजे. 'मान' हा शब्द एकदा गळ्यासाठी आणि एकदा आदरासाठी योजला तर यमक. एकदाच योजून दोन्ही अर्थ सुचवले तर श्लेष. ही आवृत्ती चरणाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी कुठेही चाले. भरताने यमकाचे दहा प्रकार सांगितले, त्यांतला 'पादान्त यमक' हा केवळ एक.

या अलंकाराचे वेड मोठे होते. कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात तो आवर्जून खेळवला आहे. घटकर्पर या नावाच्या लघुकाव्यात कवी पैजच लावतो: यमकात जो हरवील त्याच्या घरी फुटक्या घागरीने पाणी भरीन. नवव्या शतकात आनंदवर्धनाने मात्र यमकावर नेमके बोट ठेवले. यमक जुळवायला कवीला वेगळा प्रयत्न करावा लागतो, आणि तेवढ्याने त्याचे लक्ष रसावरून उडते. म्हणून शृंगारात, विशेषतः विरहाच्या शृंगारात, ते त्याला नको होते. हा आक्षेप पुढे मराठी कवींच्या बाबतीतही खरा ठरणार होता.

चरणाच्या शेवटी उच्चार जुळवण्याची रीत संस्कृत महाकाव्यांत नाही. मेघदूताचे श्लोक यमकाविना उभे आहेत. ही रीत गायच्या रचनांत वाढली. अपभ्रंश काव्यात ती नेमाने दिसते. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला, दहाव्या शतकात पुष्पदंताने रचलेले महापुराण अशा जुळत्या चरणांनी बांधलेले आहे. जयदेवाच्या गीतगोविंदातली पदेही तशीच. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात 'अंत्यानुप्रास' हा वेगळा प्रकार नोंदवला. शास्त्राच्या दृष्टीने मराठीतले यमक म्हणजे हा अंत्यानुप्रासच. नाव पंडितांच्या शास्त्रातून आले, पण चाल गाणाऱ्यांची राहिली. शेजारच्या कन्नड-तेलुगू काव्यात 'प्रास' शब्द आहे, पण तिथला जुना नियम चरणाच्या दुसऱ्या अक्षराचा. जुळणी शेवटी नसून आरंभाजवळ असते.

महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात, 1130 च्या सुमाराची आहे. ज्ञानेश्वरीची (1290) ग्रांथिक ओवी याच कुळातली. तिचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात. चौथा आखूड असतो आणि यमकातून सुटतो. ही मोकळीक फार मोलाची ठरली. तीन चरणांनी कानाला वळण लागते, चौथा ते मोडतो आणि विचार थांबतो किंवा पुढच्या ओवीकडे जातो. तत्त्वज्ञानाचे लांबलचक निरूपण हजारो ओव्या चालूनही कंटाळवाणे होत नाही, त्याचे एक कारण या रचनेत आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. त्यात यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण, शेवटी जुळणारे.

मराठीत यमक मुळात स्वस्त आहे. वाक्य बहुधा क्रियापदाने संपते आणि क्रियापदांचे प्रत्यय सारखे असतात. 'केले'ला 'गेले' शोधावे लागत नाही. विभक्तीचे प्रत्ययही हाताशी असतातच. म्हणून केवळ शेवटचे अक्षर जुळवणाऱ्या पद्यकारांना 'ट ला ट, री ला री' हा शेरा जुना आहे. चांगले यमक प्रत्ययाच्या मागे जाते: उपान्त्य स्वर जुळवते, आणि शक्य तर एका नामाला एक क्रियापद भेटवते.

पंडित कवींनी हा कस फार वर नेला. वामन पंडिताला 'यमक्या वामन' म्हणत. बारामतीच्या मोरोपंतांनी (1729–1794) हजारो आर्यांत लांब, अनेक अक्षरांची यमके साधली. त्यांचे शब्दप्रभुत्व थक्क करणारे आहे, पण यमकासाठी आणलेला संस्कृत शब्द कितीदा अर्थाची वाट अडवतो, हेही खरे. आनंदवर्धनाची तक्रार इथे लागू पडते. शाहिरांच्या लावणीत आणि पोवाड्यात यमकाचे काम वेगळे. तिथे ते डफ-तुणतुण्याच्या ठेक्याला टेकू देते, कडवे कुठे संपले ते गर्दीला कळवते आणि पाठांतर सोपे करते.

विसाव्या शतकात यमकाची सक्ती सुटू लागली. सावरकरांचे 'वैनायक' वृत्त निर्यमक होते. कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला. त्याच काळात माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्यरचनेचे शास्त्र मांडले आणि गझल मराठीत आणली. गझलेबरोबर दोन नवे शब्द आले: काफिया म्हणजे यमक, आणि रदीफ म्हणजे त्यानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द किंवा शब्दसमूह. नव्याने गझल लिहिणाऱ्यांसाठी सुरेश भटांनी हे नियम 'गझलेची बाराखडी'त सोपे करून सांगितले. मर्ढेकरांनी उलट दिशा धरली: यंत्रयुगाचा उबग त्यांनी अभंग-ओवीच्या जुन्या साच्यांत ओतला, आणि भक्तीच्या परिचित यमकांमुळे तो उबग अधिक बोचरा झाला.

छापील कवितेत यमक ऐच्छिक झाले, तरी बोलीत ते टिकून आहे. 'असतील शिते तर जमतील भुते', 'काखेत कळसा नि गावाला वळसा' या म्हणी यमकाच्या बळावरच पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहिल्या. उखाणा हा शब्द पूर्वी कोड्यासाठीही वापरत. लग्नात आणि हळदीकुंकवाला नाव घेताना मात्र तो जुळत्या दोन ओळींचाच लागतो. बडबडगीते, मोर्च्यांतल्या घोषणा आणि वृत्तपत्रांतल्या वात्रटिकाही यमकावरच चालतात.