‘रिकामी’ बंदूक

माझ्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. लहानपणी मला वाटायचे, त्यांनी मोठी लढाई मारली असेल. एकदा धीर करून विचारले. ते दख्खनीत म्हणाले, ‘‘खाली है समझा था बेटा, भरेली थी.’’ भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी घरात ठासणीची बंदूक होती. रात्री भरलेला बार उडवायचा राहून गेला. सकाळी ती भिंतीवरून उतरवताना दादांनी नळीच्या तोंडाला हात लावला.

ठासणीची बंदूक मोठी फसवी. दारू, चिंधी, गोळी असे सारे नळीच्या तोंडातून गजाने ठासायचे. त्यामुळे आत बार आहे की नाही, हे वरून कळतच नाही. जाणती माणसे गज आत सोडून पाहत. तो नेहमीपेक्षा जास्त बाहेर राहिला, की बंदूक भरलेली. एवढे केले असते तर दादांची बोटे वाचली असती.

बंदुकीचा पहिला धोका ती धरणाऱ्यालाच असतो, हे जगाला फार आधी कळले. तोड्याच्या बंदुकीचा काळ आठवा. शिपायाच्या हाती जळती वात, कमरेला दारू, आणि शेजारी तसाच दुसरा शिपाई! 1607 साली हॉलंडमध्ये याकोब द खेन या चित्रकाराचे कवायतीचे पुस्तक निघाले. बंदूक भरून उडवण्याची कृती त्यात चाळीसहून अधिक चित्रांत टप्प्याटप्प्याने दाखवली आहे. कवायत म्हणजे नुसता रुबाब नव्हे. ती जीव वाचवण्याची शिस्तही होती.

ही पाश्चात्त्य कवायत फ्रेंचांबरोबर आपल्याकडे आली. 1751 साली बुसी सलाबतजंगाबरोबर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आला. त्याच्याच पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर त्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. तेवढ्यात विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार पुढे घुसले. आपलीच माणसे तोफांसमोर आली आणि मारा थांबवावा लागला, असे वर्णन इतिहासग्रंथांत येते. निशाण्याच्या अलीकडे-पलीकडे कोण आहे ते पाहावे, हा नियम ऐन रणातही सुटत नाही.

1988 साली एन.सी.सी.त माझ्या हाती पॉइंट टू-टू रायफल आली. रेंजवर पालथा पडलो असताना काही विचारायला मी वळलो, आणि माझ्याबरोबर रायफलही वळली. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी नळी धरून टार्गेटकडे वळवली आणि चार गोष्टी सांगितल्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे करायची नाही. नेम धरून गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. आणि हातात घेताच बोल्ट मागे ओढून चेंबर स्वतः पाहायचा, देणाऱ्याने आपल्यादेखत पाहिला असला तरी.

2016च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. दादांना असे शिकवणारे कोणी भेटले नाही. त्यांची बंदूक घरातून जाऊन कितीतरी वर्षे झाली. पण कोणी ‘रिकामीच तर आहे’ म्हणाले, की मला अजून त्यांचा हात दिसतो.