घाबरू नका म्हणणारा तक्ता

गावाशेजारी रासायनिक कारखाना किंवा अणुवीज प्रकल्प यायचा असला, लोक बिथरलेले असले, की कुणीतरी साहेब एक तक्ता पुढे करतो. वर धूम्रपान, त्याखाली रस्ते अपघात, मग बुडून, भाजून, शॉक लागून मेलेले. अगदी तळाला, दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लावून, तो प्रकल्प. तुम्ही रोज मोटारसायकलवर बसता, मग याला का भिता, असा त्यातला सवाल असतो. सवाल बिनतोड वाटतो, तरी समोरचा माणूस गप्प बसत नाही. त्याला गणित कळत नाही, अशी त्यावर साहेबांची समजूत असते.

या तक्त्याची वंशावळ शोधत मागे गेले, की आपण १६६२ या वर्षापाशी पोचतो. त्या एकाच वर्षी, इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवर, हा विचार स्वतंत्रपणे छापून आला. पॅरिसमध्ये आंत्वान आर्नो आणि पिएर निकोल या दोघांनी नाव न घालता तर्कशास्त्राचा एक ग्रंथ काढला. तो पुढे ‘पोर्ट-रॉयलचे तर्कशास्त्र’ म्हणून ओळखला गेला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात ढगांच्या गडगडाटाने थरथरणाऱ्या माणसांचा समाचार घेतला आहे. लेखकांचे म्हणणे असे की संकट किती मोठे एवढेच पाहून भिऊ नये, ते येण्याचा संभव किती हेही पाहावे. वीज पडून मरणारा वीस लाखांत फार तर एक, मग तिचा एवढा धसका कशाला? हा वीस लाखांचा आकडा त्यांनी कुठून आणला कोण जाणे. मोजून आणलेला तो नक्कीच नव्हता.

मोजणारा माणूस लंडनला होता. जॉन ग्राँट हा फिती-बटणांचा व्यापारी. लंडनच्या चर्चवाड्यांतून दर आठवड्याला मृत्यूंची पत्रके निघत. प्लेगचा जोर वाढला की पैसेवाल्यांना शहराबाहेर पडायला सोयीचे, म्हणून ती वाचली जात. ग्राँटने ती रद्दी वर्षानुवर्षांची गोळा केली आणि २० वर्षांतले २,२९,२५० मृत्यू कारणांप्रमाणे लावले. उपासमारीने मेलेले ५१. खून झालेले ८६. काही भयंकर रोगांच्या नावाने लोकांचा थरकाप होतो, तेव्हा आपल्याला खरोखर किती धोका आहे हे त्यांना ताडता यावे, असा हेतू त्याने स्वतःच सांगितला आहे. त्याला कुणाला काही विकायचे नव्हते. शिवाय सगळे मृत्यू एकाच शहरातले, एकाच वहीत नोंदलेले, एकाच पद्धतीने मोजलेले होते. पुढच्या पिढ्यांत ही शिस्त राहिली नाही.

या घराण्याची एक शाखा बंडखोर निघाली. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर फ्लोरेन्स नाइटिंगेलने, विल्यम फार या आकडेतज्ज्ञाच्या मदतीने, तोच तुलनेचा डाव उलटा टाकला. शांततेच्या काळात, इंग्लंडमधल्याच बराकींत राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी १७ ते २० आणि त्याच देशातल्या नागरी जीवनात तो ११. म्हणजे दरवर्षी ११०० धडधाकट जवान सॉल्सबरीच्या माळावर नेऊन गोळ्या घालण्यातलाच हा प्रकार, असे तिने सुनावले. इथेही दोन मृत्युदर शेजारी ठेवले आहेत आणि इथेही कल्पनेतल्या हत्याकांडाशी रोजच्या मरणाची तुलना आहे. फरक एवढाच की तक्ता सामान्य माणसाच्या तोंडावर धरलेला नाही, युद्धखात्याच्या तोंडावर धरलेला आहे. मला या साऱ्या वंशावळीत हा तक्ता सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण ज्याच्या हातात बदल करण्याची सत्ता होती त्यालाच तो दाखवला गेला.

मूळ शाखेला मात्र बरकत आली ती अणुयुगात. चॉन्सी स्टार हा अणुभट्ट्यांच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला अभियंता. १९६९ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्याने एक लेख लिहिला. समाज कुठला धोका किती पत्करतो, हे लोकांना न विचारता त्यांच्या वागण्यावरून काढायचे, ही त्याची युक्ती. त्याला जे सापडले ते त्याच्याच पंथाला अडचणीचे होते. आपण होऊन पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त सहन करतो, असा त्याचा हिशेब निघाला. मग मोटारसायकल आणि अणुभट्टी एका रांगेत मांडण्यात अर्थ काय उरला? लेखाचा हा अर्धा भाग पुढच्या तक्तेवाल्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकला.

खरा गाजला तो रासमुसेन अहवाल. एमआयटीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा अमेरिकी सरकारी अभ्यास १९७५ मध्ये अंतिम रूपात आला. त्याच्या सुरुवातीच्या सारांशात आपला तक्ता पूर्ण वैभवात दिसतो. एका अमेरिकी माणसाला एका वर्षात मोटार अपघातात मरण येण्याचा संभव ४,००० मध्ये एक, विमानप्रवासात एक लाखात एक, विजेने वीस लाखांत एक आणि १०० अणुभट्ट्यांमुळे पाच अब्जांत एक. (विजेचा आकडा पाहिलात? तीनशे वर्षांनी तोच वीस लाख. पोर्ट-रॉयलच्या त्या दोघांनी हवेत मारलेला खडा असा लागला.) सोबत एक आलेख होता. आडव्या अक्षावर एका दुर्घटनेत मेलेल्यांची संख्या, उभ्या अक्षावर अशी दुर्घटना किती वर्षांतून एकदा होईल ते. अणुभट्ट्यांची रेषा सगळ्यांच्या खाली, उल्कापाताच्या जोडीने घसरत जाणारी.

हा आलेख कसा वाचावा, हे सांगायला हवे. दोन्ही अक्ष दसपटीने चढतात. दहा मृत्यूंपासून शंभरापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच हजारापासून दहा हजारांपर्यंत. कागदावर बोटभर दिसणाऱ्या फटीत नऊ हजार माणसे मावतात. शिवाय मोटारीचे मृत्यू घडून गेलेले, पोलिसांनी पंचनामा केलेले, तर अणुभट्टीचे मृत्यू गणिताने काढलेले. घडलेले आणि कल्पिलेले एकाच शाईने छापले. सर्वांत मोठी गोम अशी की त्या तुलनेत फक्त तातडीने होणारे मृत्यू धरले होते. किरणोत्सर्गामुळे वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन मरणारे तक्त्याबाहेर राहिले. टीका होत गेली, अहवाल तपासणाऱ्या प्रा. लुईस यांच्या समितीने १९७८ मध्ये त्याच्या उणिवांवर बोट ठेवले आणि जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्या सारांशावरचा आपला शिक्का काढून घेतला. दोनच महिन्यांनी, २८ मार्चला, थ्री माइल आयलंड या अमेरिकी अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली.

इथे अहवालाला एक न्याय द्यायला हवा. लहान गळती आणि माणसांच्या हातून होणाऱ्या चुका याच घातक ठरू शकतात, हे त्याच्या आतल्या पानांत लिहिलेले होते, आणि थ्री माइल आयलंडला नेमके तेच घडले. अभ्यास चांगला होता. नडला तो तक्ता, आणि लोकांनी वाचला तोही तक्ताच.

तरी हौस संपली नव्हती. त्याच १९७९ मध्ये हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड विल्सन यांनी ‘दहा लाखांत एक’ एवढा धोका ओढवून घेण्याचे मार्ग छापले: सव्वा-दीड सिगारेट, सहा मिनिटे कनूतून प्रवास, ४० चमचे पीनट बटर. दाण्यांवरच्या बुरशीचे विष त्यात येते म्हणून. बर्नार्ड कोहेन आणि आय-सिंग ली यांनी आयुष्यातले दिवस किती घटतात याची यादी केली, तीत पुरुषाने अविवाहित राहण्याची किंमत ३,५०० दिवस होती. वधूवर सूचक मंडळांच्या नजरेतून ही यादी कशी सुटली याचे नवल वाटते. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी दहा लाखांत एक या धोक्याला ‘मायक्रोमॉर्ट’ असे नावही देऊन टाकले.

याच सुमारास ओरेगनमध्ये पॉल स्लोविक आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच वाटेने गेले. लोकांना वेड्यात काढण्याआधी त्यांना विचारून तर पाहू, असा त्यांचा खाक्या. तीस गोष्टी धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितल्यावर सामान्य नागरिकांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली, तज्ज्ञांनी विसाव्या. पण साध्या वर्षात अणुविजेने किती माणसे मरतात, असे विचारले तेव्हा त्याच नागरिकांनी आकडा सर्वांत कमी सांगितला. म्हणजे त्यांना आकडा ठाऊक होता. एका फटक्यात किती जाऊ शकतात, आपल्या हातात काय आहे, पुढच्या पिढीचे काय, हे ते मोजत होते. तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

मग भोपाळ घडले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. त्यातून अमेरिकेत १९८६ मध्ये कायदा झाला: कारखान्यात कुठली रसायने आहेत आणि बाहेर काय सोडता, हे शेजाऱ्यांना सांगा. आता कारखान्यांच्या मॅनेजरांना गावसभेत उभे राहणे भाग पडले. तिथल्या रसायन उत्पादकांच्या संघटनेने त्यांच्यासाठी १९८८ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. लेखक कोव्हेलो, सँडमन आणि खुद्द स्लोविक. त्यांनी तुलनांच्या पाच पायऱ्या लावल्या. आपल्याच कारखान्याचा आजचा धोका आणि पाच वर्षांपूर्वीचा धोका ही तुलना सर्वांत चालणारी. कारखाना विरुद्ध सिगारेट, मोटार किंवा वीज ही सर्वांत खालची. मागे परिशिष्टात ते प्रसिद्ध तक्ते दिले आहेतच, पण त्यांवर ठळक इशारा छापला आहे: हे आकडे तुलनेसाठी वापराल तर तुमची विश्वासार्हता धुळीला मिळेल. उद्योगाच्या पैशाने निघालेल्या पुस्तकात उद्योगाच्याच लाडक्या हत्यारावर असा शिक्का बसावा, हे मला या कुळकथेतले सर्वांत मोठे वळण वाटते.

आणि खुद्द भोपाळ त्या तक्त्यात घालून पाहिले तर? केंद्र सरकारने २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेला मृतांचा आकडा ५,२९५. १९८९ ची तडजोड सुमारे तीन हजार धरून झाली होती, आणि पीडितांच्या संघटना वीस हजारांच्या वर सांगतात. सरकारी आकडा घेऊन त्या वेळच्या ७५ कोटी लोकसंख्येने भागला, तर १९८४ साली भारतीय माणसाला वायुगळतीने मरण येण्याचा संभव सुमारे एक लाख चाळीस हजारांत एक निघतो. रासमुसेनच्या तक्त्यातल्या विमानप्रवासाहून कमीच. गणित अचूक आहे. पण छेदात रत्नागिरीचा, शिलाँगचा माणूसही आहे, आणि वायू फिरला तो कारखान्याला खेटून असलेल्या जयप्रकाशनगरात. छेद कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न विजेलाही लागू आहे. २०२२ मध्ये आपल्याकडे वीज पडून २,८८७ माणसे गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. १४० कोटींनी भागले की पावणेपाच-पाच लाखांत एक. पुण्यात इमारतीत बसलेल्याला हा आकडा फुगवलेला आहे, आणि मृगाच्या तोंडावर मराठवाड्यात उघड्या शेतात उभ्या बाईला तो फारच अपुरा.

वंशातला आजचा वारस म्हणजे वीजनिर्मितीच्या प्रत्येक टेरावॅट-तासामागे, म्हणजे शंभर कोटी युनिटांमागे, किती मृत्यू, हा आलेख. दगडी कोळसा सुमारे २४.६, जलविद्युत १.३, अणू ०.०३. हा आधीच्यांपेक्षा पुष्कळ सरळ आहे, कारण एकाच कामाच्या साधनांची तुलना करतो, आणि कोळशाचे रोजचे, बातमी न होणारे मरण मोजतो. तरी जलविद्युतेचा जवळजवळ सगळा आकडा चीनमधल्या बांचियाओ धरणाच्या १९७५ च्या फुटीतून येतो: १ लाख ७१ हजार मृत्यू. मुख्यतः पूर अडवायला बांधलेल्या धरणाचे मृत्यू विजेच्या खाती का? वगळले तर जलविद्युत एकदम निर्धोक, धरले तर नाही. जपानमधल्या फुकुशिमा अणुदुर्घटनेचेही तसेच. किरणोत्सर्गाने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने मान्य केला तो एक. पण घाईघाईने हलवलेल्या वस्तीतले, त्यातही रुग्णालये आणि वृद्धाश्रमांतले, सुमारे २,३०० जण पुढच्या काळात गेले. अणुविरोधक म्हणतात, भट्टी फुटली नसती तर त्यांना हलवावेच लागले नसते. अणुसमर्थक म्हणतात, ते भीतीने मेले, म्हणून तर आम्ही तक्ता दाखवत होतो. आलेख काढणाऱ्यांनी ते अणूच्या रकान्यात धरले आहेत.