मोटेचं चाक आणि पाचचं इंजिन

मोट इंजिनानं खाल्ली, असं आमच्याकडं सरसकट सांगतात. येरमाळा, कळंब, वाशी या पट्ट्यात आधी वडिलांनी आणि पुढं मी विहिरींवर इंजिनं बसवली, तेव्हा हा आळ आमच्याही अंगावर येतो. मी पाहिलंय ते जरा वेगळं आहे. इंजिन बसल्यावरही कित्येक विहिरींवरचं मोटेचं चाक आणि कणा वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. कोकणात शिडाच्या होड्यांना इंजिनं लागली, तेव्हा तिथल्या तांडेलांनीही डोलकाठी एका दिवसात उतरवली नाही. वारा फुकट होता, डिझेल विकत. आमच्या माळरानावरचा हिशेब तोच, फक्त वाऱ्याच्या जागी बैल.

मोटेला रोकड लागत नव्हती, हे आधी समजून घ्यायला हवं. कातडं कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा आणि सोंदूर वळणारा मांग, चाक घडवणारा सुतार, सगळे गावातले. त्यांना खळ्यावर बलुतं मिळे, तेही ज्वारीत. बैल घरचा कडबा खात. पुढं पत्र्याची मोट आली तरी तिची सोंड कातड्याचीच राहिली, म्हणून चांभाराचं काम अर्धं तरी टिकलं. दिवसभर मोट हाकून अर्धा एकर भिजला तर गडी खूश. इंजिन आलं आणि विहिरीवर पहिल्यांदा पैसा मोजायची वेळ आली. डिझेल रोकडीनं, पट्टा रोकडीनं, नोझल बिघडलं तर शहर गाठायचं, तेही रोकडीनं. नाडा तुटला तर मांगवाड्यात निरोप धाडला की झालं. पट्टा तुटला तर बार्शी.

बार्शी आमची खरी पेठ. निजामाच्या राज्यात मात्र बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येरमाळा हैदराबादच्या. लोखंडाचा नांगर आणला तरी नाक्यावर करोडगिरी भरावी लागे, असं वडील सांगायचे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामशाही गेली, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि इंजिनांचा सुकाळ झाला तो त्यानंतरच. नावं तीन-चारच. किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना मांडला आणि १९४६ ला पुण्याजवळ खडकीत ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली. साताऱ्याचं कूपर होतं. त्याचे मालक सर धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे सांगितलं की गिऱ्हाइकाला इंजिनात एकदम वजन जाणवायचं. आणि राजकोटकडची विलायती लिस्टरच्या धर्तीची इंजिनं, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची, दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील.

निवडताना भांडण इंजिनाच्या जातीवर व्हायचं आणि ताकदीवर. लिस्टर टाइप सावकाश चालतं, कमी झिजतं, पण एकदा बसवलं की हलत नाही. पंधराशे फेऱ्यांचं पाचचं, म्हणजे पाच एचपीचं, इंजिन गाडीत घालून भावाच्या विहिरीवर नेता येतं, कडबा कुट्टीला जोडता येतं, तासावर भाड्यानं देता येतं. वाटण्या झालेल्या आमच्या भागात म्हणूनच ते जास्त खपलं. ताकदीचं मात्र अवघड. शेजाऱ्यानं पाच घेतलं तर याला आठ हवं. वडील विचारायचे, "उन्हाळ्यात झरा किती भरतो?" काळ्या खडकातल्या विहिरीला आठचं इंजिन लावलं की तासाभरात तळ दिसतो, मग झरा भरेपर्यंत मालक बांधावर विड्या ओढत बसतो. मोटेचं आणि झऱ्याचं जमायचं, कारण बैल झऱ्यापेक्षा फार वेगानं चालत नाहीत.

बसवणं हे खरं काम. पंप पाणी ओढतो असं लोक म्हणतात, पण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद समुद्रकाठी तेहेतीस-चौतीस फुटांची. आमच्या बालाघाटावर त्याहून कमी, आणि प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांपलीकडं भरवसा नाही. विहिरी आठ-आठ परस, म्हणजे आठ-आठ पुरुष खोल. मग पंप विहिरीच्या पोटात उतरवायचा. खडकात टप्पा काढायचा किंवा दोन गर्डर आडवे टाकून त्यावर बाभळीचे ओंडके बसवायचे. इंजिन काठावर ठेवलं तर पट्टा लांब होऊन फडफडतो, म्हणून बरेच जण इंजिनही खाली सोडत. दोराला धरून डझनभर माणसं आणि वरून ओरडणारी त्याहून जास्त. इंजिनाची आणि पंपाची पुली सुतळी ताणून एका रेषेत आणायची. बोटभर फरक राहिला तरी पट्टा उतरतो. पट्टा घसरायला लागला की राळ चोळायची. फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर पंपात शेणकाला ओतायचा, फटी बुजतात. हे कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नाही.

धुराचा पाइप मात्र काठाच्या वर न्यायचाच. यात मी कुणाचं ऐकलं नाही. दहा फूट पाइपाचे पैसे वाचवणारे भेटत. त्यांना सांगायचो, पाइप नाही तर हँडल मारणार नाही. डिझेलचा धूर विहिरीत साठला की खाली उतरलेल्या माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. असे बळी मराठवाड्यात पुष्कळ गेले.

आणि मोट? डिझेल मिळालं नाही, नोझल अडकलं, की ती पुन्हा विहिरीत उतरायची. ती कायमची थांबली १९७२ च्या दुष्काळात. कडबा संपला, बैल मिळेल त्या भावात गेले, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला. विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की मोट बुडेना. पुढच्या वर्षी पाऊस पडला, पण ज्याच्याकडं बैलच उरले नव्हते त्यानं नाडा कशाला वळून घ्यावा? त्यापेक्षा भूविकास बँकेचं कर्ज काढून विहीर आणखी खोल करणं आणि इंजिन घेणं त्याला परवडलं. मांगवाड्यातली नाडे वळणारी आणि चांभारांची मोटा शिवणारी बरीच घरं त्याच सुमारास पुण्या-मुंबईकडं गेली. इंजिनाचा इतिहास सांगताना हे कुणी सांगत नाही.

इंजिनाचं राज्यही फार टिकलं नाही. वीज आली, मोटरी आल्या, मग बोअर आणि पाण्यातच बुडून चालणारा पंप. खाली उतरवलेली इंजिनं वर काढायची मजुरी भंगाराच्या भावापेक्षा जास्त, म्हणून काही अजून तिथंच आहेत. आता सरकारी योजनेतून सौर पंप मिळतात, त्यांची ताकद जमिनीवरून ठरते: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढं साडेसात. जमीन मोजायला सोपी, सातबाऱ्यावर लिहिलेली असते. झरा मोजायचा तर मे महिन्यात विहिरीवर जाऊन बसावं लागतं.