हत्यारे धुणाऱ्यांचे रक्षण

शस्त्रक्रियेचा इतिहास शिकवताना आपण सेमेलवाइस, पाश्चर आणि लिस्टर यांची नावे हमखास घेतो. पण शस्त्रक्रिया संपल्यावर रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या आणि नळ्या कुठे जातात, त्या कोण धुतो, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मोठ्या रुग्णालयांत या कामासाठी मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग असतो. तिथे काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांत उडणाऱ्या शिंतोड्यांचा धोका ओळखायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. तो का लागला, हे या लेखात पाहू.

१८७९ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी ऑटोक्लेव्ह तयार केला. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचे तत्त्वच इथे वापरले आहे. दाब वाढवला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत चिवट जिवाणूंची बीजाणूरूपेही मरतात. पण वाफेचा पृष्ठभागाला स्पर्श व्हावा लागतो. हत्यारावर वाळलेल्या रक्ताची खपली असेल तर तिच्याखालचे जंतू सुरक्षित राहू शकतात. म्हणून निर्जंतुकीकरणाआधी हत्यार स्वच्छ धुवावेच लागते. वाफेचे काम यंत्र करते. घासण्याचे काम मात्र फार काळ माणसाच्या हातांनीच केले, आणि बारीक नळ्या, सांधे असलेल्या हत्यारांसाठी ते आजही हातांनीच करावे लागते.

रबरी हातमोज्यांची कथा इथे आठवते. लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेवर कार्बॉलिक आम्ल वापरायला सुरुवात केली. त्यानंतर जंतुनाशक द्रावणांचा वापर सर्वत्र वाढला. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने खराब होऊ लागली. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. म्हणजे इथे हातमोजे आले ते काम करणाऱ्या व्यक्तीचे हात वाचवण्यासाठी! पुढे १८९९ मध्ये जोसेफ ब्लडगुड यांनी हातमोज्यांमुळे रुग्णांच्या जखमा कमी चिघळतात हे दाखवले, आणि हातमोजे हे रुग्णाच्या रक्षणाचे साधन ठरले. ते योग्यच होते. पण जंतू माणसाकडून रुग्णाकडे जातात, ही एकच दिशा सगळ्यांच्या मनात पक्की बसली. रुग्णाकडून, त्याच्या हत्यारांवरून, धुणाऱ्याकडे येणारी उलटी वाट दुर्लक्षित राहिली.

ही वाट दिसू लागली ती 'ब' प्रकारच्या काविळीमुळे. १९६० च्या दशकात बारूख ब्लुमबर्ग यांनी लावलेल्या शोधामुळे या विषाणूची खूण रक्तात तपासता येऊ लागली. रक्ताशी संबंध येणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांमध्ये ही खूण इतर लोकांपेक्षा अधिक आढळते, असे पुढच्या पाहण्यांतून दिसले. १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर टिकू शकतो. ताटलीत वाळत पडलेले हत्यार निरुपद्रवी नसते, हा याचा सरळ अर्थ.

मग एड्स आला. मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तीन आरोग्य कर्मचाऱ्यांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांनाही सुई टोचली नव्हती, तरी एचआयव्हीची लागण झाली होती. त्यांपैकी एकीच्या हातात रक्ताची नळी होती. तिचे टोपण उडाले आणि रक्त चेहऱ्यावर व तोंडात गेले. हातांत हातमोजे होते, चेहरा उघडा होता. अशा शिंतोड्यातून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता फार कमी, हजारात एकाच्या आसपास आहे. पण ती शून्य नाही, हे त्या दिवशी कळले. अखंड त्वचा ही चांगली भिंत आहे. डोळे, नाक आणि तोंड यांचे आतले अस्तर मात्र पातळ व ओलसर असते.

डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत नियम झाला. जिथे शिंतोडे उडण्याची शक्यता आहे तिथे डोळे, नाक व तोंड झाकण्याची साधने मालकाने द्यावीत, आणि 'ब' काविळीची लस मोफत द्यावी. १९८३ ते १९९५ या काळात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधील या काविळीची लागण सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. त्यात लसीचा वाटा मोठा होता. भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कर्मचाऱ्यांना 'ब' काविळीची व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक केले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रक्ताशी संबंध येणाऱ्या ठिकाणी संरक्षक साधने पुरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली.

पण नुसता चश्मा देऊन प्रश्न सुटतो का? साध्या चश्म्याच्या वरून आणि बाजूंनी थेंब आत शिरतात. म्हणून चेहरा हनुवटीपर्यंत झाकणारी पारदर्शक ढाल, तिच्याखाली मास्क, पाणी न झिरपणारा झगा आणि कोपराकडे चढणारे जाड हातमोजे हवेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ओल लागताच निळा होणारा कागद धुण्याच्या खोलीत आणि कर्मचाऱ्यांच्या अंगावर लावला होता. थेंब कित्येक फूट लांब गेले, आणि संरक्षक कपडे असूनही कर्मचारी भिजले.

म्हणून शिंतोडा अडवण्यापेक्षा तो उडूच न देणे अधिक शहाणपणाचे. हत्यार तोटीखाली न घासता पाण्यात बुडवून घासावे. ध्वनिलहरींनी स्वच्छ करणाऱ्या यंत्राचे झाकण लावावे. शक्य ती हत्यारे बंद धुलाईयंत्रात घालावीत. सुरुवातीला कडकडीत पाणी टाळावे, कारण उष्णतेने अंड्याचा पांढरा भाग जसा गोठतो तशीच रक्तातली प्रथिने गोठून चिकटतात. मग जोर लावून घासावे लागते आणि शिंतोडे वाढतात. शस्त्रक्रियागृहातच हत्यारे पुसून ओलसर ठेवली तर हा जोर लागत नाही. म्हणजे धुणाऱ्याचे रक्षण शल्यविशारदाच्या टेबलापासून सुरू होते.

एवढे करूनही थेंब डोळ्यात गेलाच, तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. एचआयव्ही रोखणारी औषधे जितकी लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक पसरट टब घ्या, भोवती पांढरे कागद पसरा आणि पाण्यात शाई मिसळा. जुन्या टूथब्रशने एक चमचा आधी पाण्याच्या वर धरून घासा. मग कागद बदला आणि तोच चमचा पाण्याखाली घासा. दोन्ही वेळचे डाग मोजा, सर्वांत लांबचा डाग फूटपट्टीने मोजा, आणि मुलांना विचारा: टबावर वाकलेल्या माणसाचा चेहरा या कागदांपासून किती दूर असतो?